ब्रुनोची शेपटी आणि माझं फोनवरचं वाक्य

पौषातली गोष्ट. शनिवारी सकाळी पावणेआठला फोन वाजला तेव्हा मी एका मांजरीला सलाईन लावत होते. फोन खांदा आणि कान यांच्यात धरलेला. पलीकडे दिंडोरी तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार होते. आमच्याकडे येतात त्याला बारा वर्षं झाली. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणते.

"मॅडम, ब्रुनोचं शेपूट मोडलं. कुणीतरी काठी घातलीय त्याला. खाली लोंबतंय नुसतं, हात लावू देईना."

मी म्हणाले, "मार लागलेला दिसतोय नाना. घेऊन या, बघू."

नाना अकराच्या सुमारास आले. मधल्या तीन तासांत त्यांनी आपल्या सालदाराला बायकापोरांसकट मळ्यातून काढून दिलं होतं. "तुम्हीच म्हणालात ना, मार लागलाय म्हणून," असं ते मला अगदी सहज म्हणाले. तक्रार म्हणून नाही, आधार म्हणून. त्या सालदाराने दिवाळीच्या सुमारास कोंबडीमागे लागलेल्या ब्रुनोला काठी उगारलेली नानांनी पाहिली होती. आदल्या दिवशी नाना पुण्याला होते, रात्री उशिरा परतले. सकाळी उठून बघतात तर कुत्र्याची ही अवस्था. त्यांच्या डोक्यात नाव तयारच होतं, त्यावर माझं वाक्य पडलं.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी टेबलावर ब्रुनो आला. पाच वर्षांचा पिवळा लॅब्राडोर, वजन 32 किलो. या जातीची शेपटी म्हणजे मुळाशी मनगटाएवढी जाड, टोकाकडे निमुळती, चहाचे कप खाली पाडणारी. ती शेपटी मुळापासून तीनचार इंच सरळ मागे आलेली होती आणि तिथून पुढे ओल्या चऱ्हाटासारखी खाली सुटलेली. मला बघून त्याचं सगळं अंग हललं, कान मागे गेले, ढुंगण डोललं, पण शेपटी नाही. ती त्याच्या मागे कुणीतरी बांधून ठेवल्यासारखी लोंबत राहिली. त्यात तिच्यावर आंबेहळदीचा जाड लेप. सगळे केस पिवळेजर्द झालेले, त्याखाली सूज आहे की काळंनिळं झालंय, काही दिसायला मार्ग नाही. आधी कोमट पाण्याने ते धुवावं लागलं.

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण लोंबणारी शेपटी म्हणजे मोडलेली शेपटी असं घरचे लोकच नव्हे तर आमच्यातलेही बरेच जण धरून चालतात. शेपटी मोडली असेल तर एका मणक्यापाशी बोट थांबतं. तिथे सूज असते, कधी करकर लागते, कधी कोन दिसतो. शेपटी जोरात ओढली गेली असेल तर कमरेच्या शेवटी नसा ताणल्या जातात, मग लघवी तुंबते, गुदद्वाराचा स्नायू सैल पडतो. म्हणून शेपटीआधी मी तिथे बघते. थर्मामीटर लावताना स्नायू घट्ट आवळला गेला, म्हणजे नसा शाबूत. सकाळी पाय वर करून धार मारल्याचं नानांनी सांगितलं. टोकाला चिमट्याने दाबलं तर त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे संवेदना होती. गुदग्रंथी तुंबल्या तरी कुत्रं असं बसायला कां-कूं करतं, त्या रिकाम्या निघाल्या. मग मुळापासून टोकापर्यंत एकेक मणका अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरत गेले. कुठे काही नाही. फक्त पहिल्या चार इंचांत, दोन्ही बाजूंना आणि खालून, स्नायू टणक लागले. तिथे दाबल्याबरोबर ब्रुनो कण्हला. त्याच भागावरचे केस किंचित उभे राहिलेले होते.

काठीचा मार दोन्ही बाजूंना सारखा बसत नाही.

मी नानांना विचारलं, काल हा पाण्यात गेला होता का? नाना म्हणाले, "पाण्यात कुठला? शेततळ्याला तारेचं कुंपण आहे. नदी आमच्यापासून लांब."

याआधी मी अशा तीन शेपट्या पाहिल्या आहेत. तिन्ही कुत्री नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या बंगल्यांतली, तिन्ही डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या रविवारी गंगापूर धरणाच्या फुगवट्याला पोहायला नेलेली, आणि सोमवारी शेपटी मेली म्हणून आणलेली. इंग्रजीत याला लिंबर टेल म्हणतात, कोल्ड वॉटर टेल असंही म्हणतात. पोहताना कुत्रं शेपटी सुकाणूसारखी वापरतं. थंड पाण्यात, सवय नसताना, जास्त वेळ पोहलं की शेपटीच्या मुळाशी असलेल्या स्नायूंना इजा होते आणि ते सुजतात. नेमकं काय घडतं याबद्दल अजून अंदाजच जास्त आहेत. सुजेने आतल्या आत रक्तपुरवठा कमी पडत असावा असं मानतात. पण दुखणं स्नायूंचं आहे, हाडाचं नाही, हे अमेरिकेत पॉइंटर जातीच्या कुत्र्यांवर झालेल्या 1999 च्या अभ्यासात स्नायूंच्या तपासणीतून स्पष्ट झालं होतं. 2016 मध्ये एडिनबरो विद्यापीठाच्या रॉझलिन संस्थेतल्या संशोधकांनी लॅब्राडोरांचा अभ्यास केला. शेपटी अशी लुळी पडलेली 38 कुत्री आणि धडधाकट 86 कुत्री अशी तुलना होती. पोहणारी आणि कामाला जुंपलेली कुत्री जास्त सापडली, थंड उत्तरेकडची जास्त सापडली, आणि आजारी कुत्र्यांची एकमेकांशी नाती निघाली, म्हणजे काही अंश रक्तातूनही येत असावा. न पोहता झालेलीही त्यांत होती. लांबच्या प्रवासात पिंजऱ्यात कोंबून नेलेल्या, किंवा एरवी बसून असताना एकाच दिवशी दमवलेल्या कुत्र्यालाही होतं.

माझ्या एका डॉक्टर मित्राला मागे हे सांगितलं तर तो म्हणाला, आपल्याकडे कुठलं आलंय थंड पाणी, हे त्यांच्याकडचे आजार. मला या बोलण्याचा राग येतो. निफाडचा पारा दरवर्षी पेपरात येतो, बागांत पहाटे शेकोट्या पेटतात, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी रात्रभर जागा असतो, आणि त्याच मळ्यातलं कुत्रं मात्र आम्हाला उष्ण देशातलं वाटतं. आमच्या पदवीच्या शिक्षणात गायीच्या आचळावर आठवडे गेले आणि कुत्र्याच्या शेपटीवर पाच मिनिटंही नाहीत. गायीवर गेले त्याचं मला दुःख नाही. पण नाशिकसारख्या शहरात आता घरटी कुत्रं झालंय, त्याचं काय?

असो. नाना पाण्याला नाही म्हणाले, म्हणून मी पंजे बघायला घेतले. पुढच्या पायांची नखं घासून बोथट झालेली, दोन नखांची टोकं कुंच्यासारखी पिंजलेली. उजव्या पंजाच्या गाद्यांमध्ये काहीतरी काळं अडकलं होतं. चिमट्याने ओढलं. नखाच्या कातरणीएवढी काळी, चिवट पट्टी. मला वाटलं टायरचा तुकडा असेल. नानांनी ती माझ्या तळव्यावरून उचलली, बोटांत चोळली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हा तर तळ्याचा कागद आहे. पाचशे मायक्रॉनचा."

ज्यांनी शेततळं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत उतरत्या बाजूंचा भलामोठा खड्डा खणतात, वर सगळीकडून प्लास्टिकचा काळा कागद अंथरतात आणि पाणी साठवतात. द्राक्षाच्या पट्ट्यात मळ्यागणिक आहे. त्या ओल्या, शेवाळलेल्या उतारावर कुत्र्याचं नख टिकत नाही. पडलेलं कुत्रं काठाला येतं, दोन पाय वर टाकतं, घसरतं, परत पोहतं. असं दमून बुडेपर्यंत चालतं. मी असे बुडालेले कुत्रे पाहिले आहेत, एकदा एक वासरूही. कागदाला लाखांनी पैसे जातात, पण काठावरून पाण्यात सोडलेला एक गाठी मारलेला दोर किंवा दोरात ओवलेली जुनी टायरं बहुतेक तळ्यांवर दिसत नाहीत. कुत्र्याचं सोडा, माणसाचं पोरही तिथून वर येऊ शकत नाही.

नानांची आई गाडीत बसून होत्या. उन्हाला म्हणून दार उघडून पाय बाहेर सोडले होते. मी बाहेर जाऊन विचारलं, आजी, काल ब्रुनो ओला होता का?

"व्हता की. चुलीपाशी येऊन बसला, अंग थडथड उडत व्हतं त्याचं. म्या म्हटलं दहिवरात लोळला आसंल. त्याच्या अंगावर गोधडी व्हती, सालदाराची. तिचा वास येत व्हता म्हणून म्याच काढून टाकली."

लॅब्राडोरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, त्यांत तेल असतं. दहिवराने वरचे केस ओले होतील, अंग थडथडणार नाही.

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी तिथेच उभं राहून फोन लावला. बंद. परत लावला. बंद. मग म्हणाले, "एक्स-रे काढून घ्या मॅडम." मला गरज वाटत नव्हती, पण त्यांना वाटत होती, म्हणून काढायला पाठवलं. दुपारी फिल्म आली. मणके ओळीने शाबूत, टोकाच्या बारक्या मण्यांपर्यंत.

औषध साधं होतं. मेलॉक्सिकॅम, पहिल्या दिवशी किलोला 0.2 मिलिग्रॅम, पुढे निम्मं, पोटात अन्न असताना. हे लवकर सुरू केलं तर दुखणं लवकर ओसरतं. काही न देताही बहुतेक शेपट्या काही दिवसांत ते दोन आठवड्यांत परत उभ्या राहतात. नानांच्या खिशात डायक्लोफिनॅकची पट्टी होती, त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांसाठी आणलेली. घरून निघताना अर्धी गोळी भाकरीत घालून द्यायचं चाललं होतं, आजींनी अडवलं. जनावरांसाठी त्या औषधावर 2006 साली बंदी आली ती, औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन मरणाऱ्या गिधाडांमुळे, हे नानांना ठाऊक होतं. अंजनेरीच्या कड्यावरची गिधाडं त्यांनी पाहिली आहेत. पण तीच गोळी कुत्र्याच्या पोटात व्रण करते, मूत्रपिंड बिघडवते, हे माहीत नव्हतं. अशी गोळी आधीच गेलेली असेल तर मला माझं औषधही देता येत नाही. घरातली वेदनाशामक कुत्र्याला देऊ नका, हे मी दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगते.

पाचव्या दिवशी नानांनी व्हिडिओ पाठवला. शेपटी अर्ध्यापर्यंत उठत होती आणि किंचित डावीकडे जात होती. आठव्या दिवशी पूर्ण.

सालदार परत आला नाही. नाना सुरगाण्याकडे त्याच्या पाड्यावर जाऊन आले, राहिलेली मजुरी देऊन आले. तो तोवर निफाडकडच्या दुसऱ्या बागेत कामाला लागला होता, तिकडे उचल घेतलेली. नंबर नानांनीच मला दिला. मी दोन दिवस लावला नाही. तिसऱ्या दिवशी लावला.

आधी माफी मागितली. फोनवर न बघता बोलले, चुकलं, असं म्हणाले. तो नुसता "हां, हां" म्हणत राहिला. माझ्याशी काय बोलावं हे त्याला कळत नसावं. मग मी विचारायला लागले, आणि त्यावर तो नीट बोलला. त्या आठवड्यात शेतीची लाईट पहाटेची होती. चारला मोटर चालू करायला गेला तेव्हा कुंपणाचं फाटक उघडं राहिलं. ब्रुनो टिटवीच्या मागे आत शिरला असावा. याला कळलं ते तांबडं फुटताना, पाण्यातून धाप लागल्याचा आवाज आला म्हणून. ठिबकची नळी कमरेला बांधून दुसरं टोक बायकोच्या हातात दिलं, उतारावर पालथा झोपून खाली सरकला. फाटक आपल्याकडून उघडं राहिलं हे नानांना कसं सांगायचं म्हणून त्या दिवशी गप्प बसला. दुसऱ्या दिवशी सांगायची वेळच आली नाही.

शेपटी धरून ओढलं असेल तर नसांना इजा झाली असती, महिन्याभराने पुन्हा तपासावं लागलं असतं. म्हणून मी विचारलं, "वर काढताना धरलं कुठे त्याला?"

तो थांबला. मग घाईघाईने म्हणाला, "पट्ट्याला धरलं, मॅडम. गळ्यातल्या पट्ट्याला. शेपटाला हात लावला नाही मी. बायकोला विचारा."

मी म्हणाले, तसं नाही, मी उपचारासाठी विचारतेय. ते त्याच्यापर्यंत पोहोचलं की नाही, मला सांगता येत नाही. मागे कुणीतरी ट्रॅक्टर चालू केला, त्याला कामाला जायचं होतं.

"हलवतो का आता?" त्याने विचारलं.

"हलवतो," मी म्हणाले. "पूर्ण हलवतो."