आमची वाटचाल : किलो सोडून लिटर

भाड्याच्या घरात, बाल्कनीत भाजी लावणाऱ्यांसाठी कुंडीतलं मिश्रण तयार करणं हा आमचा मूळ धंदा. पिशव्या, झारी, खुरपी नंतर आली. सुरुवातीला दोन घमेली, वाळू चाळायची एक चाळण आणि एक भागीदार एवढंच भांडवल होतं. त्यातली चाळण अजून आहे.

चाळणीबद्दल आधी सांगतो, कारण लोक तिला कमी लेखतात. जाळी ६ मिलिमीटरची हवी. पिठासारखं बारीक चाळलं की मिश्रण हातात मऊ लागतं, गिऱ्हाईक खूश होतं आणि महिन्याभरात मुळं गुदमरतात, कारण हवेला जागाच उरत नाही. चाळणीवर राहिलेले नारळाच्या भुशाचे लांब धागे आम्ही फेकत नाही, परत थोडे आत मिसळतो. भिजलेलं मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच फुटावा. गोळा टिकला तर माती जास्त झाली. वळलाच नाही तर पाणी धरणार नाही.

पहिल्या वर्षी आम्ही बागेची माती आणि शेणखत निम्मं-निम्मं विकलं. २० लिटरच्या कुंडीत भिजलेली माती ३० किलोच्या पुढे जाते. अशा चार कुंड्या एका कोपऱ्यात ठेवल्या की भाडेकरूला त्या हलवता येत नाहीत, घरमालकाला त्या दिसल्या की खपत नाहीत. शिवाय आठ-दहा पाण्यांत माती बसून विटेसारखी होते. म्हणून प्रमाण बदललं, आणि ते आजही तेच आहे : ४ भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), ३ भाग गांडूळखत, २ भाग चाळलेली माती, १ भाग परलाइट (तापवून फुगवलेले हलके पांढरे खडे). २० लिटरला दोन मुठी निंबोळी पेंड. हे सगळे भाग मापाने घ्यायचे, वजनाने नाही. बादली एकच ठेवा म्हणजे चुकणार नाही. भिजूनही ही कुंडी जुन्या कुंडीच्या जेमतेम निम्म्या वजनाची भरते.

आता ज्या हंगामात दुकान बंद पडायची वेळ आली, त्याबद्दल.

कोकोपीट नारळाच्या सोडणातून निघतं. सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली की सोडियम आणि क्लोराइड भुशात मुरतं. पोटॅशियम तर त्यात मुळातच भरपूर असतं. पुरवठादार म्हणाला, ‘धुतलेला माल आहे.’ आम्ही ठोकळा फोडला, पाणी घातलं, रंग-वास ठीक वाटला, आणि पूर्ण लॉट मिश्रणात गेला. तीन आठवड्यांत तक्रारी सुरू झाल्या. मिरचीची रोपं दोन पानांवर अडली. पालकाच्या कडा करपल्या. कुंडी ओली असूनही टोमॅटो दुपारी माना टाकत होते. लोकांना वाटलं पाणी कमी पडतंय. त्यांनी आणखी पाणी घातलं, पण थोडं-थोडं, त्यामुळे मीठ खाली वाहून न जाता कुंडीतच फिरत राहिलं. काठावर पांढरा थर आला तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

कुंडीतलं मीठ काढायचं तर कुंडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी तिच्यातून सावकाश वाहू द्यावं लागतं. म्हणजे २० लिटरच्या एका कुंडीला ४० ते ६० लिटर. पुस्तकी उपाय बरोबर आहे, पण तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने ते पाणी सोडायचं कुठे? खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर? आम्ही न्हाणीघरात, बादलीवर जाळी ठेवून, एकेक कुंडी धुवायला सांगितलं. ज्यांना जमलं नाही त्यांना मिश्रण बदलून दिलं. गल्ला रिकामा झाला. भागीदाराचं म्हणणं होतं की रोपं ही गिऱ्हाइकाची जबाबदारी, आपण पिशवी विकतो. इथेच घोडं पेंड खात होतं. तो गेला, आणि जाताना गिऱ्हाइकांची वही सोबत घेऊन गेला. वही आम्ही दोघांनी मिळून लिहिली होती, एवढंच नोंदवून ठेवतो.

तेव्हापासून प्रत्येक लॉट असा तपासतो. ५ किलोच्या ठोकळ्यात साधारण २५ ते ३० लिटर पाणी मुरतं आणि तो फुगून ६५ ते ७० लिटर होतो. फुगलेलं कोकोपीट जाळीच्या पोत्यात भरायचं, बुडेल इतक्या पाण्यात अर्धा तास ठेवायचं, निथळायचं. असं तीनदा. शेवटच्या निथळलेल्या पाण्याचा ईसी (पाण्यात किती क्षार आहेत ते सांगणारा आकडा) मोजायचा आणि नळाच्या पाण्याचाही. फरक सेंटिमीटरला ०.५ मिलिसीमेन्सपेक्षा (ईसीचं एकक) जास्त असेल तर चौथी धुणी. नुसत्या पाण्याने मोकळं मीठ जातं, धाग्यांना चिकटलेलं सोडियम-पोटॅशियम जात नाही. त्यासाठी लिटरला २ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी पुन्हा साध्या पाण्याने निथळायचं. ही पायरी गाळली तर रोपं जगतात, पण कॅल्शियम धागेच पकडून ठेवतात आणि टोमॅटोच्या फळाच्या बुडाला काळा डाग पडतो. अंड्याची टरफलं चुरून टाकली तरी तो हंगाम वाचत नाही, ती विरघळायला कितीतरी महिने जातात. तसाच डाग पाणी अनियमित घातल्यानेही पडतो, म्हणून आधी आपलं पाणी तपासा, मग आम्हाला फोन करा.

ईसी मीटरचं पेन घेताना त्याबरोबर प्रमाणित द्रावणाची (ज्याचा ईसी आधीच ठाऊक असतो) पुडी आहे का ते पाहा. द्रावणात बुडवून जुळवलेलं नसेल तर पेन म्हणजे नुसता खेळ.

पुढची काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण भागीदाराने शेजारच्या रस्त्यावर दुकान थाटलं आणि मिश्रण किलोवर विकायला लागला. ‘आमची पिशवी भरगच्च,’ असं तो सांगायचा. भरगच्च असणारच, आत माती आणि पाणी. कोकोपीट स्वतःच्या कोरड्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं. किलोवर घेणारा माणूस पाणीच विकत घेतो, शिवाय ते जिना चढून वर नेतो. आमची २० लिटरची पिशवी हलकी, म्हणून लोकांना फसवल्यासारखं वाटायचं. त्यात आणखी एक अडचण : पहिल्या तीन-चार पाण्यांत कोणतंही मिश्रण बसतं आणि १० ते २० टक्क्यांनी खाली जातं. ‘कुंडी भरली नाही’ ही तक्रार आम्ही जितकी ऐकली तितकी दुसरी कुठलीच नाही. शेवटी पिशवीवरच छापलं : कुंडीच्या मापापेक्षा पाचवा हिस्सा जास्त घ्या, पाणी घालून दोन दिवसांनी वरून भर द्या.

त्या काळात टिकून राहिलेलं एक गिऱ्हाईक म्हणजे एक शिक्षिका. त्यांनी आमच्यासमोर चार घरं बदलली आणि मिश्रण प्रत्येक वेळी सोबत नेलं. त्यांची पद्धत आम्ही सगळ्यांना सांगतो. हलवण्याआधी दोन दिवस पाणी बंद, वेल आणि उंच रोपं निम्म्यावर छाटलेली, कुंड्या टबमध्ये एकमेकींना टेकवून उभ्या. हंगाम संपला की जुनी मुळं झाडून मिश्रण चाळायचं, त्यात एक तृतीयांश नवं गांडूळखत आणि मूठभर पेंड घालायची. टोमॅटो काढलेल्या कुंडीत लगेच मिरची किंवा वांगं नको, तिन्ही एकाच कुळातली. तिथे मेथी किंवा घेवडा लावायचा. आणि नवं घर बघायला जाताना त्या बाल्कनीत सकाळी, दुपारी आणि चार वाजता असं तीनदा जायच्या. सहा तास ऊन असेल तर फळभाजी, तीन-चार तास असेल तर पालेभाजी, त्याहून कमी असेल तर पुदिना. ज्यांना हे आधी कळतं ते आमच्याकडून कमी सामान घेतात, आणि परत येतात.

विचारलं नसलं तरी आणखी काही सांगतो. पिशवीच्या इंचांवर जाऊ नका, लिटर काढा. १२ बाय १२ इंचाची गोल पिशवी साधारण २२ लिटरची, ९ बाय ९ ची जेमतेम साडेनऊ. टोमॅटोला २० लिटर लागतात, मिरचीला १० ते १२. कोथिंबीर-पालकाला १५ सेंटिमीटर खोली पुरते, तिथे रुंदी हवी. तळाला खडे घालू नका. पाणी बारीक मिश्रणातून जाड खड्यात सहज उतरत नाही, ते खड्यांच्या वर अडून राहतं आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा उलट कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. भोकं ८ मिलिमीटरची, चार ते सहा, तापवलेल्या सळईने. कुंडी थाळीत टेकवू नका, दोन सेंटिमीटर उंच पायांवर ठेवा. नाहीतर साचलेलं पाणी मुळं कुजवतं आणि फरशीवर डाग पाडतं, आणि अनामत रक्कम परत घेताना त्या डागावरच वाद होतो. कठड्यावर कुंडी ठेवायचीच नाही.

भागीदाराच्या पिशवीवर गेल्या हंगामापासून लिटर छापलेलं दिसतं. किलोही आहे, त्याहून मोठ्या अक्षरात.