काटा ६० वर, गाडी ६४ वर

माझ्या जुन्या गाडीच्या स्पीडोमीटरविषयी बरेच दिवस शंका होती; म्हणून रविवारी पहाटे वर्धा रोडवर बुटीबोरीच्या दिशेने जाताना मी काटा ६० वर स्थिर ठेवला आणि शेजारी बसलेल्या मुलीने किलोमीटरच्या दगडांवरून पाच किलोमीटरचा वेळ मोजला. पाच मिनिटांऐवजी ४ मिनिटे ४० सेकंदच लागले, म्हणजे खरा वेग ताशी ६४ किलोमीटर होता. अंतराच्या आकड्यांनीही जेमतेम ४.७ किलोमीटरच दाखवले. दोन्ही सारखेच मागे असल्याने दोष काट्याच्या स्प्रिंगचा नसून गेल्या वर्षी बसवलेल्या मोठ्या टायरांचा आहे, हे उघड झाले. चाकाचा घेर वाढला की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी अधिक अंतर कापते. कमी वेग दाखवणारा काटा मला अधिक घातक वाटतो. मूळ मापाचे टायर बसेपर्यंत मीटरच्या काचेवर ५६ पाशी पांढरी रेघ ओढली आहे. तीच माझी ६० ची खूण.