सगळे दिवे लावा

आयोजकांनी पाठवलेल्या कागदावर तिबेटी नाटकापुढे माझ्यासाठी चार गोष्टी लिहिल्या होत्या : निळा उजेड, मागच्या पडद्यावर बर्फाचे डोंगर, शेवटी एकट्या नटावर स्पॉट, मग ब्लॅकआउट. निवेदनही जोडलेलं होतं. 'मायभूमीला पारखे झालेले हे कलावंत...' अशी त्याची सुरुवात होती.

मी नागपुरात प्रकाशयोजना करतो. राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका, आणि दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम लागला की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले प्रयोग. असे कागद मला नेहमी येतात आणि त्यात गैर काही नाही. प्रयोग न पाहिलेल्या माणसाला मनात जे दिसतं ते तो लिहितो. कार्यक्रम विस्थापितांच्या कलांचा होता. नागपूरच्या जरीपटक्यातले सिंधी कलावंत भगत सादर करणार होते, चामोर्शी-मुलचेरा भागात साठच्या दशकापासून राहणाऱ्या पूर्व बंगालच्या कुटुंबांतली मंडळी जात्रा या बंगाली लोकनाट्यातला एक प्रवेश करणार होती आणि गोठणगावचे तिबेटी कलावंत लामो हे त्यांचं पारंपरिक नाटक करणार होते. पहिल्या दोघांची मला काळजी नव्हती. भगत म्हणजे पायात घुंगरू, अंगात लांब जामा आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यात बघून गाणं. त्याला उबदार उजेड दिला की झालं. जात्रा आणि आमचं झाडीपट्टीचं नाटक तर एकमेकांना ओळखतातच. लामो मात्र मी कधी केलं नव्हतं.

म्हणून तालमीला गेलो. थंडीत नागपुरात स्वेटरचा तिबेटी बाजार लागतो, त्यातले निम्मे कलाकार दिवसभर दुकानावर असायचे. रात्री दुकान झाकून, जेवून, उतरायला घेतलेल्या घराच्या गच्चीवर तालीम. ढोल वाजवणारा मुलगा त्या रात्री नव्हता, आरसीच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राच्या, नूतनीकरणासाठी गोंदियाला गेला होता. भारताने निर्वासितांबाबतच्या १९५१च्या करारावर सही केलेली नाही. इथले बहुतेक तिबेटी परदेशी माणसाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर राहतात आणि ते ठरावीक काळाने नवं करून घ्यावं लागतं. तो मुलगा जन्मला अर्जुनी-मोरगाव तालुक्यात, शाळा तिथेच, ढोल तिथेच शिकला. त्याच्या जागी एका मुलीने पत्र्याच्या डब्यावर ताल धरला होता.

ही मुलगी माझ्याशी बोलली ती अस्सल झाडीतल्या मराठीत. "भाऊ, तुमी वडशाच्या नाटक कंपन्यांचे लाईट करता नं? आमच्याकडच्या मंडईत पायलं तुमाले."

गोठणगावची नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ साली वसली. जवळ इटियाडोह धरण, प्रतापगडचा डोंगर, भोवती धानाची शेतं. झाडीपट्टीच्या ऐन मध्यावर ही माणसं पन्नास वर्षांहून अधिक काळ राहतात. आमचं नाटक रात्रभर चालतं, त्यांचं लामो दिवसभर. आमच्याकडे मंडप आणि पेटी, त्यांच्याकडे पांढरं छत, एक ढोल आणि एक झांज. बाकी वाद्य नाही. वडशाहून अर्ध्या दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर हे सगळं असताना मी ते कधी पाहिलं नव्हतं, याचं मला त्या गच्चीवर फार वाटलं.

मंडळाच्या म्होरक्यांना सगळे गेन-ला म्हणत, म्हणजे आपले मास्तर. मी त्यांना काकाजी म्हणू लागलो. लहानपणी आईवडिलांबरोबर हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर राहिले, वसाहत झाली तेव्हा इकडे आले, आणि धानाची शेती करता करता काकांकडून लामो शिकले. त्यांनी मला लामोचा इतिहास सांगितला तो रस्ते आणि पुलांपासूनच. थांगतोंग ग्याल्पो हा सिद्ध पुरुष पंधराव्या शतकात नद्यांवर लोखंडी साखळ्यांचे पूल बांधत फिरायचा. पुलांना पैसा लागतो, म्हणून सात बहिणींना नाचगाणं शिकवून त्याने मंडळ उभं केलं, अशी कथा आहे. आजही प्रयोगाच्या मधोमध त्याची प्रतिमा ठेवतात. ल्हासा सोडून आलेल्यांनी १९५९ सालीच, आधी कालिम्पोंगला, कलासंस्था काढली, जी पुढे धरमशालेला गेली. डोक्यावर छप्पर नव्हतं तेव्हा त्यांनी नाटकाची सोय केली, हे मला कुठल्याही निवेदनापेक्षा मोठं वाटतं.

मी निळ्या उजेडाचं काढलं. काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाले, "लामो दिन में होता है. सब बत्ती लगाओ. लोगों के ऊपर भी."

लोकांवरही म्हणजे हाउस लाइट पूर्ण, प्रयोगभर. आमच्या धंद्यात तिसरी घंटा झाली की प्रेक्षक अंधारात जातो, ती आमची पहिली शिस्त. पण लामोत लोक चहा पितात, मुलं मध्येच रिंगणात पळतात, आजी शेजारणीला गोष्ट पुढे सांगतात. नटाला हे सगळं दिसलं पाहिजे. तो त्यांच्याकडे बघूनच खेळ लांबवतो किंवा आवरता घेतो. लोक दिसेनासे केले तर त्याचं अर्धं नाटक गेलं.

आयोजकांना मी फोनवर सांगितलं की डोंगर नकोत. थोडी कुरबुर झाली. "मग वेदना कुठून येणार?" हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. निर्वासितांचं नाटक म्हटलं की बघणारा रडण्याची तयारी करूनच येतो, आणि रंगमंचावरची माणसंही तेवढ्यासाठीच आली आहेत असं धरून चालतो. त्यांनी वर्षानुवर्षं घासून आणलेला सूर, गिरकीत जमिनीशी जवळजवळ आडवं होणारं अंग, ढोलाच्या थापेवर झपाट्याने म्हटलं जाणारं कथन याकडे मग कुणाचं लक्ष जात नाही. कारागिरी आधी दिसू द्या, एवढंच माझं म्हणणं होतं.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी सातला सभागृह ताब्यात मिळालं. काकाजींनी पत्र्याच्या पेटीतून छत काढलं. पांढरं कापड, त्यावर निळी नक्षी शिवलेली. ते बॅटनला, म्हणजे रंगमंचावरच्या आडव्या दांडीला, बांधून वर चढवलं आणि माझा प्रश्न तिथेच सुटला. सगळे 'पार' दिवे रंगमंचाकडे न वळवता छताकडे वळवले. कापडावर आपटून खाली येणारा उजेड मांडवाखाली पडतो तसा पडतो, त्याला दिशा नसते. हॅलोजनचा उजेड पिवळा, ३२०० केल्विनच्या आसपास. दुपारचं ऊन ५६००च्या घरात. म्हणून त्यांच्यावर निळसर सुधारणेचं जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद. हे जिलेटिन अर्ध्याहून जास्त उजेड खातं, उरलेल्यातला काही कापड पितं, त्यामुळे दिवे वाढवत जावे लागले. शेवटी शेजारच्या सभागृहातले एलईडी पारही मागवले.

मुखवट्यांनी वेगळी मेहनत घ्यायला लावली. खेळाची सुरुवात शिकारी करतात. ते जागा शुद्ध करून घेतात. त्यांचे मुखवटे सपाट, गडद निळे, कवड्या लावलेले. चेहऱ्याचा उठाव मुळातच नाही, त्यामुळे वरून उजेड दिला की नुसता काळा तुकडा दिसतो. विंगेतून डोळ्यांच्या उंचीवर दिला तर कवड्या चमकतात, पण भोकांतून बघणारा नट आंधळा होतो आणि गिरकीत आपटतो. दोन दिवे रंगमंचाच्या पुढच्या कडेला, खाली, अगदी मंद ठेवले. ढोलवाला मुलगा गोंदियाहून आला होता. मुखवटा घालून तो पाच वेळा फिरून आला, तेव्हा कोन पक्का झाला.

त्यांनी निवडलेली गोष्ट राजपुत्र द्रिमे कुंदेनची. मागेल त्याला मागेल ते देणारा राजपुत्र. शत्रूच्या माणसाला तो राज्याचा इच्छापूर्ती मणी देऊन टाकतो, म्हणून बाप त्याला हद्दपार करतो. वनवासात तो आपली तीन मुलं देतो, बायको देतो, डोळेही देतो. शेवटी सगळं परत मिळतं. ही वेस्संतर जातकाचीच, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माची, कथा. पालीत मण्याऐवजी पांढरा हत्ती आहे आणि मुलं दोन. दिवसभराचा खेळ त्यांनी दीड तासावर आणला होता.

प्रेक्षकांत इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीकडच्या बऱ्याच बाया होत्या, पांढऱ्या साड्यांत, नातवंडं घेऊन. वेस्संतराचं नाव निवेदनात येताच त्या सावरून बसल्या. ज्या शहरात १९५६ साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तिथे ही गोष्ट परकी नव्हती. परकी होती फक्त भाषा, आणि तीही सगळी नव्हती.

कारण मणी मागायला आलेला म्हातारा ब्राह्मण एकदम मराठीत सुरू झाला. लामोत अशी हजरजबाबी थट्टा चालते. म्हाताऱ्याचं काम ती डब्यावर ताल धरणारी मुलगी करत होती. मणी उलटासुलटा करत म्हणाली, "कितीचा जी हा?"

राजपुत्राचा सेवक : "फिक्स रेट हाय, बाई."

"काऊन? मांगच्या साली तं अर्ध्यात देल्ला होता!"

सभागृह फुटलं. नागपुरात राहणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य त्या बाजारात कधी ना कधी म्हटलेलं आहे. हाउस लाइट सुरू असल्याने हसणारे एकमेकांना दिसत होते, आणि ती नेमक्या कोणाकडे बोट दाखवून पुढचं वाक्य टाकायचं ते बघत होती. मग राजपुत्र पुढे झाला आणि काहीही न घेता मणी तिच्या ओंजळीत ठेवला. घासाघीस करणाऱ्या म्हाताऱ्याला काय करावं कळेना. ते गोंधळणं तिने इतकं लांबवलं, इतकं सांभाळलं, की हसू विरत विरत पार थांबलं.

मुलं देण्याचा प्रवेश आला तेव्हा तिसऱ्या रांगेतली एक आजी उठून उभी राहिली. "नको देऊ रे लेकरं! देऊ नको!"

कंट्रोलवर माझा हात आपोआप सगळे दिवे एकदम कमी करणाऱ्या मास्टरकडे गेला. अंधारातलं नाटक असतं तर मी तिथे उजेड आवळला असता. पण राजपुत्र करणाऱ्या माणसाला ती दिसत होती. तो थांबला, ढोल थांबला. त्याने मुलांचे हात सोडले नाहीत. आजीकडे बघत त्याने तीच ओळ पुन्हा उचलली, वरच्या पट्टीत, तो कंप असलेला लांबलचक सूर, आणि म्हणता म्हणता एकेक बोट सोडवलं. आजी उभीच राहिली. नातीने तिचा हात धरला होता. हा क्षण मी प्रकाशाने घडवलेला नाही. तो घडायला वाट मोकळी होती, एवढं नक्की.

शेवटी मंगलगान झालं, भाजलेल्या जवाचं पीठ हवेत उधळलं, आणि जात्रेची मंडळी, सिंधी भगत सगळे त्या पांढऱ्या धुरळ्यात वर चढले. आयोजकांपैकी ज्यांनी डोंगर मागितले होते ते गृहस्थ येऊन म्हणाले, "पुढच्या वेळी आधीच तुम्हाला विचारू." मी म्हटलं, त्यांना विचारा.

छताची घडी घालताना काकाजी आणि त्या मुलीत वाद जुंपला. अर्धा तिबेटीत, अर्धा माझ्यासाठी हिंदी-मराठीत. धरमशालेच्या शोतोनला, म्हणजे लामोच्या महोत्सवाला, देशभरच्या वसाहतींची मंडळं जातात, तिथले जाणते परंपरेतला एकेक सूर तोलतात. फिक्स रेटचा विनोद तिथे चालायचा नाही, असं काकाजींचं म्हणणं. जे तिकडून वाचवून आणलं ते जसंच्या तसं पुढच्याच्या हातात द्यायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं आहे. त्यांच्या काळजीला माझ्याकडे उत्तर नाही.

"तिथं नाई करत, गेन-ला," ती म्हणाली. "पन गोठनगावले करीन. मंडईले करीन. तिथचे लोक माहेच हाय नं जी?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलीच्या बाजूने आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ल्हासातल्या नटांनीही समोर बसलेल्यांचीच थट्टा केली असणार. समोर आता आम्ही बसलो आहोत. ते म्हणाले, "सोचेंगे." मग पेटीला कुलूप लावलं, आणि दुसऱ्या दिवशी बाजार सकाळी दहाला उघडतो म्हणून सगळ्यांना गाडीत बसायला सांगितलं.