मरीन टँकमधली कमान कशाने जोडू? पावसाळ्यातल्या जोडकामाच्या नोंदी

१४ जून

आज माझी मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी, रिकामी केली. ३६ बाय १८ बाय १८ इंच, काठोकाठ भरली तर साधारण १९० लिटर. क्लाऊनफिशची जोडी, वाळू उकरणारा वॉचमन गोबी मासा, दोन क्लीनर श्रिंप (कोळंबी) आणि हर्मिट खेकडे मागच्या खोलीतल्या मोठ्या टबात हलवले. हीटर, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) आणि जुना स्पंज फिल्टर त्यांच्यासोबत आहे. पाऊस सुरू झाला की आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून बॅटरीवरचा एअर पंपही टबाला लावून ठेवला.

हे सगळं करावं लागलं ते मागच्या महिन्यातल्या एका रात्रीमुळे. जुनी मांडणी नुसती एकावर एक रचलेली होती. मी आधी वाळू घातली होती आणि तिच्यावर दगड ठेवले होते. गोबीने महिनोन्महिने खालची वाळू उकरली, आणि रात्री दोनच्या सुमारास वरचा दगड घसरून पुढच्या काचेवर टेकला. काच वाचली, पण त्या आवाजाने उठले ती पुन्हा झोपलेच नाही. म्हणून या वेळी दगडांची कमान उभी करतेय: दगड थेट तळावर बसतील, वाळू नंतर पडेल आणि वरचा प्रत्येक दगड खालच्याशी जोडलेला असेल.

जोडायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तीन वर्षांपूर्वी पहिल्या टाकीत मी बाथरूमसाठी मिळणारं सिलिकॉन वापरलं होतं. दुकानदाराने दिलं, मी घेतलं. ट्यूबवर 'बुरशीरोधक' असं लिहिलेलं होतं आणि मला तो गुण वाटला. पाचव्या दिवसापर्यंत दोन्ही मासे गेले. बुरशीला मारणारं रसायन हळूहळू पाण्यात उतरतं आणि ते फक्त बुरशीला मारून थांबत नाही, हे मी नंतर वाचलं. वाचायला हवं होतं आधी.

१७ जून

दगडांविषयी थोडं, कारण गोंद कुठला हे दगडावर ठरतं.

समुद्रातून काढलेला 'लाईव्ह रॉक', म्हणजे जीव वसलेला प्रवाळाचा दगड, मला नकोच आहे. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि कायदा नसता तरी गोव्याच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्राचं हाड मोडून माझ्या दिवाणखान्यात आणायची माझी इच्छा नाही. मी माणसांनी बनवलेला सच्छिद्र सुका रॉक घेतला, १८ किलो.

खानापूरकडचा जांभा फुकट मिळत होता. दिसायला देखणा, भोकाभोकांचा, पहिल्या नजरेत मोह पडतो. पण त्याचा लाल रंग लोखंडाचा आहे आणि कोपरे हातात चुरतात. व्हिनेगरचे चार थेंब टाकले, काहीच फसफसलं नाही, म्हणजे त्यात चुना नाही. तो बाद. मावसभावाने यादवाडकडून चुनखडीचे दोन चपटे तुकडे आणून दिले, त्यांवर व्हिनेगर मस्त फसफसलं. ते घट्ट आहेत, आत पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू राहायला जागा कमी, पण तळाची बैठक म्हणून उत्तम. घेतले.

२१ जून

उद्यमबागेत मामांच्या पॅटर्न शॉपमध्ये गेले. मामांनी फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवण्यात आयुष्य घालवलं, चिकटवण्याच्या वस्तूंबद्दल त्यांच्याइतकं बारीक बघणारा माणूस माझ्या ओळखीत नाही. मी विचारलं, कुठला गोंद घेऊ?

"अगं, गोंद नंतर. जोड कोरडा उभा राहतोय काय ते बघ अगोदर. न चिकटवता जे उभं राहत नाही, ते चिकटवून किती दिवस राहणार?"

मग मी आणलेले दोन दगड त्यांनी हातात घेतले, एकमेकांवर फिरवले आणि तीन ठिकाणी टेकतील अशी जागा शोधून दिली. तीनच. चौथा टेकू आला की दगड डुलतो, हे त्यांनी बोटाने दाबून दाखवलं. ज्या जागी टेकतो तिथे छिन्नीने थोडी सपाटी केली. कमानीच्या दगडासाठी मात्र त्यांनीच सांगितलं की इथे भोक पाडून आत दांडी घाल, नुसत्या गोंदावर सोडू नको.

दगड तिथेच कोअर ओव्हनजवळ (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे भाजायची भट्टी) ठेवून सुकवून घे, असंही म्हणाले. ते मी नाही केलं. तिथल्या हवेत लोखंडाची आणि रेझिनची धूळ असते आणि माझे दगड स्पंजासारखे शोषणारे आहेत. घरी खोक्यात ६० वॉटचा बल्ब आणि समोर पंखा लावून सुकवतेय. बेळगावच्या जूनमध्ये याशिवाय उपाय नाही.

२६ जून

खडेबाजारातून आणि ऑनलाईन मिळून पाच गोष्टी जमवल्या. प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा मी ठरवलं होतं: तू घट्ट होताना काय सोडतेस, आणि घट्ट झाल्यावर काय सोडतेस? पाकिटावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असणं याचं उत्तर नाही. पाण्याने गोंद बिघडत नाही एवढंच ते सांगतं. गोंदाने पाणी बिघडतं की नाही, हा वेगळा प्रश्न.

सिलिकॉनचं उत्तर नाकाने मिळतं. ज्याला सुकताना व्हिनेगरचा वास येतो ते ॲसिटिक ॲसिड सोडतं. ते उडून जातं, मागे शुद्ध सिलिकॉन राहतं. काचेच्या टाक्या याच प्रकाराने जोडतात, फक्त त्यात बुरशीरोधक मिसळलेलं नको. वास नसलेली 'न्यूट्रल' सिलिकॉन असतात, त्यातली काही सुकताना ऑक्झिम नावाची विषारी वस्तू सोडतात, ती मी घरात घेणार नाही. या वेळी दुकानदारानेच ट्यूब उलटून पाहिली आणि म्हणाला, "हे बाथरूमला चालतंय ताई, फिश टँकला नको बघा." तीन वर्षांपूर्वी असा कुणी भेटला असता तर.

पण चांगलं सिलिकॉनही दगडाला दगड जोडायला मला पटलं नाही. ते हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत सुकत जातं, दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर. जाड थर दिला तर आत आठवडाभर कच्चा राहतो. शिवाय खडबडीत, पूड सुटणाऱ्या दगडाला ते धरत नाही, पुडीला धरतं. मी दोन तुकडे जोडून तीन दिवसांनी ओढले, तर अख्खी पट्टी रबरासारखी सोलून आली आणि तिच्या पाठीवर दगडाची पांढरी पूड.

सिमेंट लवकर सोडून दिलं. टिकतं, पण चुना पाण्यात उतरत राहतो आणि पीएच वर चढतो. आठवडेच्या आठवडे गोड्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत बसावं लागतं. टबातल्या जिवांना तेवढा वेळ नाही.

लोखंडाची पूड मिसळलेली एपॉक्सी पुट्टी, पाईप आणि टाक्यांच्या दुरुस्तीला मिळते ती, हातात घेतली आणि परत ठेवली. श्रिंपच्या पाण्यात धातू नको.

उरलं काय? मरीन टँकसाठीच विकली जाणारी दोन भागांची एपॉक्सी पुट्टी, आणि सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपला घरोघरचा इन्स्टंट गोंद, पातळ आणि जेल दोन्ही.

३० जून

कागदावर पटलं म्हणून टाकीत घालायचं नाही. आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंबीसारख्या जिवांची, अंडी उबवली. पिल्लं दीड दिवसात पोहू लागली. खाऱ्या पाण्याच्या चार बरण्या: एकीत काहीच नाही, एकीत पूर्ण सुकलेला जेल गोंद, एकीत सुकलेली पुट्टी, आणि चौथीत ते जुनं बुरशीरोधक सिलिकॉन, त्याची ट्यूब मी अजून फेकली नव्हती. चारही बरण्यांचं तापमान आणि खारेपणा सारखा. अंधारात एका बाजूने टॉर्च लावला की जिवंत पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, मोजायला सोपं जातं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्या तीन बरण्यांत उजेडाजवळ नारिंगी ढग होता. चौथीत तळाला गाळ.

एक लक्षात ठेवा, आर्टेमिया चिवट असतात. ते मेले तर ती वस्तू नक्की वाईट. ते जगले म्हणजे सगळ्यांना चालेल असं नाही. आणि पिल्लं पोटातल्या बलकावर दोनेक दिवसच निघतात, म्हणून चाचणी त्याच्या आत संपवायची, नाहीतर उपाशी मेलेले गोंदाच्या खात्यावर लागतात.

६ जुलै

आजचा दिवस सगळ्यात जास्त शिकवणारा.

सायनोॲक्रिलेट ओलाव्याने घट्ट होतं. पातळ थर झटकन, पण मोठा गोळा दिला तर वर साय धरते आणि आत कच्चं राहतं. या गोंदाची ओढून धरायची ताकद चांगली, पण तो ठिसूळ आहे, आडवा दणका सोसत नाही. खडबडीत दगड एकमेकांना टोकाटोकांनीच टेकतात, त्यामुळे नुसता गोंद ओतून मधली पोकळी भरत नाही.

इथे दगडाची पूड कामाला येते. चुनखडीला छिन्नी लावताना निघालेली पूड आणि ठेचलेले बारीक तुकडे मी जपून ठेवले होते. फटीत आधी जेल, मग चिमूटभर पूड दाबून, वर पातळ गोंदाचे थेंब. ही पूड चुनखडीची, म्हणजे अल्कधर्मी, त्यामुळे गोंद क्षणात आवळतो. दहा सेकंदांत दगडासारखा टणक. असे तीन-चार थर दिले की फट बुजते आणि जोड दिसतही नाही.

पण सावध राहा. या क्षणी चांगलीच उष्णता निघते आणि डोळे झोंबणारा धूर येतो. मी गॅलरीत, चष्मा लावून, पंखा पाठीमागे ठेवून काम केलं. हातात नायट्राईलचे मोजे. सुती मोजे किंवा सुती फडकं या गोंदाजवळ अजिबात नको. सुतात तो भिनला की इतका तापतो की कातडी भाजते.

पावसाळी हवेचा एक त्रास: उघडलेली गोंदाची बाटली चार दिवसांत आतून जमली. आता बाटल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवते. जोडाभोवती पांढरट पापुद्राही येतो, गोंदाची वाफ दमट हवेत बसल्यामुळे. तो ब्रशने निघतो.

११ जुलै

कमान. १४ इंचांचा आडवा दगड, दोन खांब. ड्रिलला ८ मिलिमीटरचा मेसनरी बिट, कमी वेगात, हॅमर (ठोके देण्याची सोय) बंद ठेवून. हॅमरवर पहिला खांब मी फोडला, ती चूक तुम्ही करू नका. आत ॲक्रिलिकची दांडी. स्टीलची नाही, खाऱ्या पाण्यात तीही आज ना उद्या गंजते. दांडीला आडवा भार, गोंदाला फक्त हलू न देण्याचं काम. मामांचं म्हणणं मला हातात दांडी बसल्यावर खरं समजलं.

खांबाच्या तळाशी, जिथे फट बोटभर होती, तिथे पुट्टी. दोन्ही भाग एकच रंग येईपर्यंत मळायचे, एकही पट्टा दिसता कामा नये. अर्धवट मळलेली पुट्टी म्हणजे न जुळलेला हार्डनर पाण्यात सोडणं. पुट्टी स्वतः दगडाला फारशी चिकटत नाही, ती फक्त साचा घेते. म्हणून दगडावर जेल, मग पुट्टी, मग पुन्हा जेल, आणि दाबून किंचित पिळायचं. पहिला जोड मी थोड्या ओलसर दगडावर केला होता, तो दुसऱ्या दिवशी टोपीसारखा अलगद निघून आला. सुकवून पुन्हा केला.

गोंद हात राखून वापरतेय. दगडाच्या ज्या भोकांवर गोंद बसतो तिथे जिवाणू राहणार नाहीत, आणि माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे तेच आहेत.

१३ जुलै

कमानीच्या मध्यावर दोन लिटरची भरलेली बाटली टांगून रात्रभर ठेवली. सकाळी जशीच्या तशी. पाण्यात दगडाचं वजन आणखी हलकं लागेल, तेव्हा हे पुरेसं आहे असं मी धरते. मुलगी उठल्या उठल्या बाटली बघायला धावली.

१९ जुलै

सगळा सांगाडा दुसऱ्या मोठ्या टबात खाऱ्या पाण्यात सहा दिवस, पॉवरहेड चालू. पाणी आरओचं, त्यात मरीन टँकचं मीठ कालवून १.०२५ घनता. गोव्याहून समुद्राचं पाणी आणा असं सुचवणारे भेटतात, पण पावसाळ्यात नद्यांनी किनाऱ्याचं पाणी पातळ आणि गढूळ झालेलं असतं. पीएच ८.२ वर स्थिर. अमोनिया शून्य. पाण्यावर पहिल्या दिवशी पातळ तवंग होता, पुट्टीचा असावा. पाणी पूर्ण बदललं, मग दिसला नाही.

२३ जुलै

सांगाडा टाकीत, थेट तळावर, खाली प्लास्टिकच्या जाळीचा पातळ थर. मग वाळू. कमान काचेपासून सगळीकडून तीन बोटं लांब, म्हणजे काच घासायचा मॅग्नेटचा स्क्रॅपर फिरेल. जुना स्पंज फिल्टर टाकीत आणला. नवीन दगडांत जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतील, मासे तोवर टबातच.

२९ ऑगस्ट

अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राईट दोन्ही आठवडाभर शून्य. आधी एक श्रिंप सोडला, कारण पाण्यात काही वाईट असेल तर सगळ्यात आधी तोच सांगतो. चार दिवस कमानीखाली उलटा लटकून मिशा हलवत बसला, पाचव्या दिवशी कात टाकली. मग बाकीचे.

उजव्या खडकाचा एक छोटा कट्टा सुटा झालाय, तिथे मी दांडी न घालता नुसता गोंद भरला होता. तो पाण्याखालीच पुट्टीने बसवावा लागेल. ताजी पुट्टी पाण्यात गेली की स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) फेसाळून वाहतो, म्हणून त्या दिवशी तो बंद ठेवेन, एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) चालू आणि पाणी गाळणारी कार्बनची पिशवी सम्पमध्ये, म्हणजे फिल्टरच्या वेगळ्या टाकीत.

गोबीने कमानीच्या डाव्या खांबाखालून खणायला सुरुवात केली आहे. काल रात्री वाळू काचेपर्यंत उकरून झाली होती. खांब तळावर उभा आहे.