थायरॉइडची गोळी घेऊनही माणूस खालावत असेल तर

थायरॉइडची गोळी सुरू झाली की थोड्या आठवड्यांत माणसाला तरतरी यायला लागते. ती यायच्या ऐवजी माणूस अजूनच गळत चालला असेल तर नुसता डोस वाढवून घेऊ नका प्लीज, दुसरी कुठली ग्रंथी बिघडलीय का ते डॉक्टरांना विचारा. माझ्या धाकट्या बहिणीचं नेमकं हेच झालं म्हणून लिहितेय.

टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं हार्मोन) वाढलेला, गोळी चालू, तरी वजन उतरतंय (थायरॉइड कमी असल्यावर खरं तर वाढतं ना), सकाळी मळमळ, उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी आणि खारट खायची इतकी ओढ की लोणच्याचा खार नुसता बोटाने चाटायची. रंग काळवंडला तर सगळे म्हणायचे उन्हात फिरतेस. शेवटी एका एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनच्या डॉक्टर) मॅडमनी फाइल बाजूला ठेवून आधी तिचा तळहात बघितला, रेषा काळ्या पडलेल्या, हिरड्यांवर पण काळपट डाग, मग झोपवून बीपी घेतलं आणि उभं करून परत घेतलं तर धाडकन खाली. सकाळी आठचं कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) एकदम कमी, ते बनवायला सांगणारं एसीटीएच हार्मोन प्रचंड वाढलेलं, सोडियम कमी, पोटॅशियम जास्त.

अॅडिसन्स. म्हणजे किडनीच्या वरच्या अॅड्रिनल ग्रंथी निकामी. आपल्याकडे हे टीबीनेही होतं म्हणून सीटी स्कॅन केला आणि २१-हायड्रॉक्सिलेजच्या अँटीबॉडीज तपासल्या, त्या पॉझिटिव्ह आल्या, म्हणजे हे ऑटोइम्यून, शरीराने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला. अॅडिसन्स आणि ऑटोइम्यून थायरॉइड, किंवा अॅडिसन्स आणि टाइप १ डायबेटिस, अशी जोडी जमली की त्याला ऑटोइम्यून पॉलीग्लँड्युलर सिंड्रोम टाइप २ म्हणतात. श्मिटने थायरॉइडवाली जोडी १९२६ मध्येच लिहून ठेवलीय, तरी अजून प्रत्येक ग्रंथीची फाइल वेगळी आणि डॉक्टर वेगळा, याचा मला खरंच राग येतो.

थायरॉक्सिनमुळे शरीर कॉर्टिसॉल जास्त भरभर संपवतं, ते मुळातच कमी असेल तर जिवावर बेततं, म्हणून अशा पेशंटला आधी स्टेरॉइड आणि मग थायरॉइडची गोळी. शिवाय नुसत्या अॅडिसन्सनेही टीएसएच थोडा वाढलेला दिसू शकतो आणि स्टेरॉइड सुरू केल्यावर आपोआप उतरतो. टाइप १ डायबेटिसवाल्यांना इन्सुलिन अचानक कमी लागायला लागलं, सारखी शुगर लो व्हायला लागली तर तिथेही हीच शंका घ्यायची. लहान मुलांमधला टाइप १ सिंड्रोम वेगळा, तो एआयआरई जीनमधल्या दोषामुळे होतो, त्यात तोंडात सारखी बुरशी, मग कॅल्शियम कमी होऊन हातापायाला पेटके आणि पुढे अॅडिसन्स.

घरात कोणाला कोड, टाइप १ डायबेटिस, थायरॉइड असले ऑटोइम्यून आजार असतील तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. आमच्या आत्याला कोड होतं, ते कधी कोणी विचारलंच नाही.

बहीण आता हायड्रोकॉर्टिसोनवर (हेच ते स्टेरॉइड) आहे, ताप आला की डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस दुप्पट, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि थेट हॉस्पिटल. ते इंजेक्शन तिच्या पर्समध्येच असतं, आई पण द्यायला शिकलीय.