पार्वतीचे कागद

आज पायल कपाडिया यांनी दिग्दर्शित केलेला ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ हा चित्रपट पुन्हा पाहिला. पहिल्यांदा प्रभा आणि अनू या दोघी मल्याळी नर्सच जास्त लक्षात राहिल्या होत्या. आज मात्र नजर पार्वतीवरून हललीच नाही. छाया कदम यांची पार्वती रत्नागिरीकडची, इस्पितळात स्वयंपाकाला. नवरा गिरणी कामगार होता, तो गेला. आता चाळीच्या जागी टॉवर उभा करायचाय म्हणून बिल्डर तिला बाहेर काढू बघतोय. संसार सगळा त्या खोलीत झाला, पण ती तिथे राहत होती हे सांगणारा कागद तिच्याजवळ नाही. कागदच नसतील तर आपण इथे होतो हे तरी कोण मानणार, ही तिची भीती. तिथे पोटात तुटलं.

18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे जमिनींचं काय झालं ते परळ-वरळीत मान वर केली की दिसतं. संपावर, दत्ता सामंतांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण खोली नवऱ्याच्या नावावर आणि नवरा हयात नाही, अशा बाईने कुठे जायचं? पायल कपाडियांनी हा प्रश्न भाषण न करता पडद्यावर आणला. बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारताना पार्वती आणि प्रभा खळखळून हसतात. मला तो सगळ्यात संतापाचा प्रसंग वाटतो.

कपाडिया मुंबईच्या, मल्याळम त्यांची भाषा नाही. तरी नर्स मल्याळीच हव्यात हा हट्ट त्यांनी धरला, कारण मुंबईच्या इस्पितळांत केरळच्या मुली खरोखरच मोठ्या संख्येने आहेत. सुरुवातीला शहरावर कॅमेरा फिरतो आणि वेगवेगळ्या भाषांतले, बाहेरून आलेल्यांचे आवाज ऐकू येतात. माहितीपटाची सवय असलेलं माणूसच अशी सुरुवात करू जाणे. रणबीर दास यांनी टिपलेला पावसाळाही पोस्टकार्डातला नाही. त्यात ओल आहे, गर्दी आहे, दमून परतणारी माणसं आहेत.

मे 2024 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला ग्राँ प्री पुरस्कार मिळाला. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट 30 वर्षांनी पोचला होता, त्यामुळे कौतुक झालं ते रास्तच. पण नंतर ऑस्करसाठी भारताकडून हा गेला नाही आणि निवड समितीला तो भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटल्याचं सांगण्यात आलं. निवड दुसऱ्या चित्रपटाची झाली याचं मला वाईट वाटत नाही; आवडी वेगळ्या असतात. कारण मात्र अजून खुपतंय. पैसा काही अंशी फ्रान्स, नेदरलँड्समधून आला, हे खरं. पण कोकणातून येऊन गिरणगावात संसार केलेली, बिल्डरपुढे हात रिकामे असलेली विधवा युरोपीय कशी? संथपणा परका वाटला असेल, तर रात्रपाळी करून आलेल्या बाईची चाल संथच असते.

नोव्हेंबर 2024 मध्ये आपल्याकडे तो लागला तेव्हा मी वाचलेल्या परीक्षणांत प्रकाश, पाऊस, एकटेपणा यांवर भरभरून लिहिलं होतं. पार्वतीच्या खोलीबद्दल एखादंच वाक्य. आपल्या मराठी लिहिणाऱ्यांनी तरी तिथे थांबायला हवं होतं. ती बाई आपली होती, तिचं भांडणही आपल्याच शहरातलं होतं.