नागपूर–शिर्डी, जाऊन-येऊन : वेगाची पाटी नेमकी कोण लावतं?

मिहान ओलांडायच्या आतच धाकट्या दिरांनी विषय काढला. "वहिनी, डिसेंबरात अधिवेशन आपल्याच गावात असते. आमदाराले सांगून एक कायदा कराले काय जाते? समृद्धी महामार्गावर वेगाची हद्द १४० करून टाका म्हणा. रस्ता बांधला १५० साठी, अन् गाडी चालवाची १२० नं. काहून?"

मागच्या सीटवर आमचे हे तर्री पोह्यांच्या गुंगीत होते, त्यामुळे उत्तर मलाच देणं भाग होतं. अठ्ठावीस वर्षं कोर्टात स्टेनो म्हणून काढली की मोटार वाहन कायद्याची कलमं पाठ करावी लागत नाहीत, ती बोटांत बसतात. पण आधी नाका लागला.

शिवमडक्याला समृद्धीवर चढण्याआधी टायर बघून घ्या, हे माझं पहिलं सांगणं. शहरातल्या शहरात चाळीसने फिरणारी गाडी इथे सलग चार-पाच तास पळते आणि रस्ता सिमेंटचा. हवा घरून निघतानाच, टायर थंड असताना भरा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेलं असतं, पंपावरच्या पोराच्या अंदाजावर सोडू नका. टायरच्या कडेला चार आकडे असतात: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. आमच्या स्टेपनीचे आकडे वाचून दीर गप्प झाले. ती गाडीपेक्षा वयाने मोठी निघाली, म्हणजे कोणाच्या तरी जुन्या गाडीची होती. टाकी नागपुरातच पूर्ण भरा. वाटेत पंप आहेत, पण हायवेवर दर दहा मिनिटांनी एक दिसायची सवय असेल तर इथे जीव टांगणीला लागतो.

नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ ला. सगळा मिळून ७०१ किलोमीटर. टोल १ एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे, म्हणजे शिर्डीपर्यंत हजाराच्या वर. जेवढं अंतर कापलं तेवढाच टोल बाहेर पडताना कटतो, तेव्हा फास्टॅगमध्ये दोन्हीकडचे पैसे ठेवा.

आता दिरांचं उत्तर. मोटार वाहन कायद्याचं कलम ११२. कुठल्या प्रकारच्या वाहनाने जास्तीत जास्त किती वेगाने जायचं ते केंद्र सरकार राजपत्रात ठरवतं. ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत कारसाठी चार आकडे आले: एक्सप्रेसवेवर १२०, मधे दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून मोठ्या रस्त्यावर १००, नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीत ७०, बाकी रस्त्यांवरही ७०. मालवाहू गाड्यांना पहिल्या दोन ठिकाणी ८०, उरलेल्या दोन ठिकाणी ६०. पाटी नसेल तिथे हे आकडे धरायचे.

राज्य सरकारच्या हातात काय? त्याच कलमात आहे. लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याचा, पुलाचा प्रकार बघून राज्य सरकार, किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी, वेगळी मर्यादा लावू शकतो. राजपत्रात अधिसूचना काढायची आणि कलम ११६ प्रमाणे पाटी उभी करायची. महिनाभराच्या आतलं काम असेल तर अधिसूचनाही लागत नाही. मात्र केंद्राने घातलेल्या छताच्या वर कुणालाच जाता येत नाही. म्हणजे राज्याचा जिना फक्त खाली उतरतो.

"पण विधानसभा कायदा तर करू शकते नं?"

करू शकते. मोटार वाहनं हा विषय समवर्ती सूचीत आहे. पण केंद्राच्या कायद्याशी टक्कर झाली की केंद्राचाच चालतो. राज्याचा टिकवायचा तर घटनेच्या २५४ व्या कलमाखाली राष्ट्रपतींची संमती लागते. १४० ची इच्छा आपल्या शहराच्या खासदारांनीही बोलून दाखवली आहे, आणि ते केंद्रात रस्त्यांचेच मंत्री आहेत. तेव्हा पत्ता तो, विधानभवन नव्हे. हे ऐकून भाऊजी कारंजा लाडपर्यंत काही बोलले नाहीत.

मी स्वतः १०५-११० वर होते. हिशेब साधा आहे. १२० ने ५२० किलोमीटरला ४ तास २० मिनिटं लागतात, १०० ने ५ तास १२ मिनिटं. बावन्न मिनिटांचा फरक. एवढा वेळ तर आमचे हे एका चहाला लावतात. उलट बाजूने बघा: १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, पुढचा ट्रक ८० वर म्हणजे २२ मीटर. तीनशे मीटरवर दिसलेला ट्रक अर्ध्या मिनिटाच्या आत तुमच्या बॉनेटपाशी. त्यात तो मधल्या लेनमधून निवांत चाललेला असेल, आणि असतोच, तर आरसा बघून उजवीकडे जायला वेळ किती उरतो ते तुम्हीच मोजा. डावीकडून ओव्हरटेक करू नका. उजवी लेन ओव्हरटेकपुरती, रेंगाळायला नाही.

या रस्त्यावर खरा त्रास वेगापेक्षा सुस्तीचा. वळण नाही, गाव नाही, चहाची टपरी नाही, तासाभराने डोळे उघडे असूनही आपण काही बघत नसतो. सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा येतं. ३० जून–१ जुलै २०२३ च्या रात्री नागपूरहून पुण्याला निघालेली बस इथे उलटून पेटली, पंचवीस माणसं गेली. तिथून जाताना गाडीत कुणी बोललं नाही. रात्री बारा ते पहाटे चार या वेळात हा रस्ता धरू नका, असं मी माझ्या मुलालाही सांगते. दर दीड तासाला खाली उतरा. मेहकरला बाहेर पडून लोणार करता येतं, सिंदखेड राजाला जिजाऊंचं जन्मस्थान आहे. दोन्ही निमित्तांनी पाय मोकळे होतात. बंद पडलात तर गाडी डाव्या कडेच्या पट्ट्याबाहेर काढून माणसांना कठड्यापलीकडे उभं करा, गाडीत बसवून ठेवू नका. मदतीचे ११२ आणि १०८ हे नंबर चालतात.

शिर्डीचं काय लिहायचं. दर्शन झालं, गर्दी होती.

परतताना आत्याबाईंना भेटायचं म्हणून कारंजा लाडला उतरून अमरावती गाठली. (नकाशात नुसतं 'कारंजा' टाकू नका. वाशिम जिल्ह्यातलं लाडांचं वेगळं, अमरावती रोडवरचं घाडग्यांचं वेगळं. आमच्या मोबाईलवरच्या बाईने जाताना आम्हाला दुसरीकडेच न्यायचा घाट घातला होता.) समृद्धीवरून खाली आल्यावर पहिली दहा मिनिटं सांभाळा. ७० हा वेग बैलगाडीसारखा वाटतो, पायाला १०० ची सवय लागलेली असते. माझं मागच्या वर्षीचं दोन हजारांचं चलान अशाच ठिकाणचं. पाटी होती, मी पाहिली नाही. चलान आलं का ते महाट्रॅफिक अॅपवर बघता येतं, हरकतही तिथेच नोंदवता येते. वेग यंत्राने मोजलेला असावा लागतो, एकट्या साक्षीदाराला 'वाटलं' म्हणून शिक्षा होत नाही, हे कलम १८३ मध्येच आहे. त्याच कलमात आणखी एक मजेशीर गोष्ट आहे: वेग मोडल्याशिवाय पाळता येणार नाही असं वेळापत्रक छापलं, तर तो छापणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरतात. रातोरात पुण्याला पोचवणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्यांनी हे वाचलेलं नसावं.

अमरावतीहून नागपूर मात्र चौपदरी, मधे दुभाजक. म्हणजे पाटी नसेल तिथे कारला १००. तळेगाव, कारंजा घाडगे, कोंढाळी, बाजारगाव. दुभाजकात जागोजागी कट, संत्र्याची ट्रॉली उलट्या बाजूने येणार, शाळेची पोरं सायकली हातात धरून मधे उभी. समृद्धीवर १२० असताना मला जेवढी भीती वाटली नाही तेवढी इथे ८० वर वाटली. अंधार पडायच्या आत हा पट्टा संपवा, आणि गाव दिसलं की पाटी असो-नसो साठच्या खाली या.

भाऊजींनी कोंढाळीपासून कट मोजायला घेतले. दोन्ही हातांची बोटं संपल्यावर सोडून दिले.

"वहिनी, खाली उतरता येते म्हणत होत्या नं तुम्ही?"

"कायद्याने येतं. इथे गावापाशी साठ किंवा चाळीस करायला दिल्लीला जावं लागत नाही. कलम २१५ खाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तिला अर्ज द्यायचा. गावाचं नाव, किलोमीटरचा दगड, कटाचा फोटो, आणि किती वाजता पोरं रस्ता ओलांडतात ते लिहायचं. 'वाहने भरधाव जातात' एवढंच लिहिलं तर फाईलमध्ये जाऊन बसतं."

त्यांची सासुरवाडी बाजारगावची. वाडीच्या सिग्नलला थांबलो तेव्हा ते मोबाईलवर मेव्हण्याशी बोलत होते, "सकाळी शाळेच्या टायमाले उभा राय, अन् दगडावरचा नंबर दिसला पाह्यजे फोटोत."